कॉम्पॅक्टवरून डीएसएलआरवर आलो, अळीचे फोटो बिघडले. मदत हवी आहे

धागाकर्ता:
कॅमेरा कॅनन १५००डी, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स. वावरात पऱ्हाटीवरची (कपाशीवरची) डोमकळी, म्हणजे अळीनं न उमलू दिलेलं फूल, अन् बोंडातली अळी टिपून कृषी सहायकांना पाठवायची, एवढंच काम. कॉम्पॅक्ट बोटभर जवळ नेला तरी सगळं स्वच्छ यायचं. आता जवळ गेलं की बटण दाबूनही फोटो निघत नाही. निघाला तर अळीचं डोकं स्पष्ट, बाकी धूसर. फुटलेला कापूस राखाडी येतो तो वेगळाच. लेन्स बदलू का?

उत्तर १:
थांबा भाऊ, लेन्स ठीक आहे. ती २५ सेंमीच्या आत फोकसच करत नाही. हे अंतर सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आत चित्र टिपणाऱ्या पट्टीपासून मोजायचं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोलातून गेलेली रेघ दिसते ना, तिथून. झूम ५५ वर ठेवा अन् फोकस लागेपर्यंत मागे सरका. चौकटीत साधारण साडेसहा सेंमी रुंदी मावते, म्हणजे अख्खं बोंड आलं.

धूसरपणाचं कारण सेन्सर. बहुतेक साध्या कॉम्पॅक्टचा जेमतेम ६ मिमी रुंद, तुमचा २२. तेवढीच चौकट घेतली तर मोठ्या सेन्सरवर स्पष्ट पट्टा फार पातळ होतो. डायल एव्हीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), एफ/११ म्हणजे छिद्र लहान, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, फोकसचा फक्त मधला ठिपका. एफ/२२ला जाऊ नका, सगळंच मऊ पडतं. शटर १/२५० सेकंदापेक्षा संथ झाला तर आयएसओ ८०० करा, वाऱ्यानं झाड हलतंच. अन् मुख्य म्हणजे कॅमेरा अळीच्या अंगाला समांतर धरा. समोरून, डोक्याकडून धरला की शेपटी गेलीच.

उत्तर २:
कापसाचं सोपं आहे. पांढरं जास्त दिसलं की कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर त्याला राखाडी करून टाकतो. एव्ही± बटण दाबून धरा, चाक फिरवून +१ करा, म्हणजे फोटो उजळ येईल. तंतू दिसेनासे झाले तर थोडं कमी. हिरव्या पानांवर वळताना शून्यावर आणायला विसरू नका, सगळे विसरतात.

धागाकर्ता:
एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा अन् लेन्सच्या मधे बसणारी नळी) घेऊ का, अळी मोठी दिसायला?

उत्तर १:
घेतली तर आत धातूचे संपर्क असलेलीच. साध्या नळीत कॅननच्या लेन्सचं छिद्र बदलता येत नाही, ते पूर्ण उघडंच राहतं. मग धूसरपणा आणखी वाढेल. शिवाय ती लावायला लेन्स काढावी लागते, अन् धुऱ्यावर उभं राहून काढली की धूळ आत. त्यापेक्षा ५८ मिमीचा +४ क्लोज-अप फिल्टर, म्हणजे भिंगासारखी काच, लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवा. कडा थोड्या मऊ येतील, पण अळी मधेच असते.