थीम पार्कच्या हॉटेलातले कागद: संग्रह की रद्दी?

गोदाकाठ: काल इथे ग्रुपवर एकाने एस्सेलवर्ल्डच्या रेस्टॉरंटमधला ट्रेवरचा कागद आणि डिस्नेलँडचं जुनं मेनूकार्ड टाकून वर लिहिलंय, ‘हा आपला वारसा’. खाली बदामांचा पाऊस. अहो, कसला वारसा? चटणी सांडलेला कागद तो! पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळी आहेत. त्यांना कसर लागली तरी कुणी ढुंकून बघत नाही, आणि इथे डागांचं कौतुक.

रद्दीवाला_नव्हे: तो ‘एक’ म्हणजे मी. डाग सोडून छापलेलं वाचलंत का? 1955मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथली बरीच हॉटेलं कंपन्यांच्या नावावर चालायची. पॅनकेक हाउस क्वेकर ओट्सचं, कासा दे फ्रितोस फ्रिटोचं. पॅनकेक हाउसला जिचं नाव होतं ती क्वेकरच्या पॅनकेक-पिठावरची ‘आंट जेमायमा’ म्हणजे गुलामगिरीच्या काळातल्या काळ्या मोलकरणीचा साचा. पिठाचं ते नाव कंपनीने 2021मध्ये बदललं. तोवर लोक मजेत नाश्ता करत होते. हे तुमच्या नामावळीत नाही सापडणार.

सिडकोताई: भांडू नका हो. एस्सेलवर्ल्डचा कागद माझ्याकडेपण आहे, शाळेच्या सहलीतला. मस्त लॅमिनेट करून ठेवलाय.

नाशिकरोडकर: लॅमिनेट? ताई, मारलात की तो! ते प्लास्टिक आता कागद फाटल्याशिवाय निघायचं नाही. आमचे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. नोट कापसाच्या कागदाची, म्हणून खिशात धुतली गेली तरी टिकते. हा लाकडाच्या लगद्याचा, आतल्या आम्लानेच पिवळा पडतो. पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवायचा. पीव्हीसी प्लास्टिकच्या नको.

सिडकोताई: वडील प्रेसमध्ये होते म्हणून तुम्ही गव्हर्नर झालात का? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते. लॅमिनेट नसता केला तर आज बुरशी जपत बसले असते.

नाशिकरोडकर: बसा मग. आमच्या मेव्हण्याने इमॅजिकातल्या जेवणाचं बिल आठवण म्हणून लॅमिनेशनला दिलं. थर्मल कागद तो, उष्णतेनेच काळा होऊन छापला जाणारा; गरम रुळातून गेला आणि काळाकुट्ट बाहेर आला. दुकानदाराशी अजून वाजतंय त्याचं.

गोदाकाठ: मूळ मुद्दा राहिला, इथे कागदांचा दवाखाना उघडला! बरं, मेनूकार्डाचं मानलं. चटणीचं नाही मानणार.

रद्दीवाला_नव्हे: उपकार झाले. आणि आता तुम्हीच सांगा, नामावळी जपायला तुम्ही काय केलंत?

सिडकोताई: ते पॉलिस्टरचं पाकीट नाशकात कुठे मिळतं? मेन रोडला विचारलं तर म्हणाले, लॅमिनेशन करून देतो. विचारतेय म्हणजे पटलंय असं समजू नका.