शत्रूच्या जखमी सैनिकावरही उपचार करणारे रुग्णालय तटस्थ मानावे का?

रानपाखरू :
अफगाणिस्तानातील कुंदूझ शहर सप्टेंबर २०१५ च्या अखेरीस तालिबानच्या हाती गेले आणि ३ ऑक्टोबरच्या पहाटे तेथील ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला. त्यात ४२ जण मृत्युमुखी पडले. तेथे सरकारी सैनिक आणि तालिबानी, दोघांवरही शस्त्रक्रिया होत असत. बरा झाल्यावर पुन्हा बंदूक उचलणाऱ्याला वाचवणे म्हणजे त्या पक्षाला मदत करणेच नव्हे का?

कलमबहाद्दर :
कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. जखमी होऊन लढण्यास असमर्थ झालेला सैनिक लक्ष्य उरत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातील १९ व्या कलमानुसार, रुग्णालयात जखमी सैनिक असणे, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली लहान शस्त्रे तेथे सापडणे, हे शत्रूविरुद्धचे कृत्य ठरत नाही. रुग्णालयाचा वापर खरोखरच हल्ल्यासाठी होत असला, तरीही आधी इशारा द्यावा लागतो.

शल्यक :
कायद्याइतकाच व्यवहारही महत्त्वाचा आहे. पोटात गोळी लागून आतून रक्तस्राव होत असलेला माणूस आधी टेबलावर जातो आणि हात मोडलेला थांबतो, मग तो कोणत्याही बाजूचा वा हुद्द्याचा असो. हा क्रम एकदा जरी ओळखीने किंवा धाकाने बदलला, तरी दुसऱ्या बाजूचे जखमी यायचे थांबतात आणि रुग्णवाहिकेला वाट मिळेनाशी होते. शस्त्र दाराबाहेर ठेवण्याचा नियमही त्यासाठीच असतो. सर्जनला स्वतःची मते नसतात असे मुळीच नाही. ती शस्त्रक्रियेचा क्रम ठरवत नाहीत, एवढेच.

सोलापूरकर :
येथे डॉ. कोटणिसांचे नाव निघेल, म्हणून आधीच लिहितो. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. मात्र कोटणीस जपानविरुद्ध लढणाऱ्या आठव्या मार्ग सेनेत सामील झाले आणि १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यही झाले. त्यांनी उघडपणे एक बाजू निवडली होती. त्यांच्याविषयीचा आदर तसूभरही कमी न करता म्हणतो की, ते उदाहरण येथे लागू पडत नाही.

रानपाखरू :
धन्यवाद. मग कुंदूझची जबाबदारी कोणी घेतली?

कलमबहाद्दर :
अमेरिकी सैन्याने स्वतःच चौकशी करून १६ जणांवर प्रशासकीय कारवाई केली. फौजदारी खटला कोणावरही झाला नाही. संस्थेने स्वतंत्र आंतरराष्ट्रीय तथ्यशोधन आयोगाची मागणी केली होती, परंतु त्याला संबंधित सरकारांची संमती लागते आणि ती मिळाली नाही.