खडपात गरी अडकू नये म्हणून तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

तांबोशी, गोबरा, हेकरू हे मासे किनाऱ्यावरून मिळवायचे तर खडपाला (किनाऱ्याच्या खडकाळ भागाला) पर्याय नाही. कालवं, शिणाणे, खेकडे आणि लपायला कपारी, सगळं तिथेच. आणि आपली गरी (गळ) जाऊन बसते तीही त्याच कपारीत. ओहोटीला रत्नागिरीच्या भगवती बंदराकडच्या कातळावर खाली उतरून पाहा, कालवांच्या धारेत गुरफटलेला तंगूस (नायलॉनची दोरी) हातभर अंतरावर सापडतो. पैसे जातात हे आहेच. पण तो तंगूस तिथे वर्षानुवर्षं राहतो, त्यात खेकडे अडकून मरतात, पक्ष्यांच्या पायाला गुंडाळला जातो. मला ते बघवत नाही. म्हणून हा धागा. हाताने केलेलं लिहा. वजन कसं बांधता, कुठे फेकता, अडकल्यावर काय करता?

सुरुवात मी करतो. वजन मूळ दोरीला थेट कधीच बांधत नाही. तीन कड्यांचं स्विव्हल (फिरतं जोडकडं) घेतो. एका कडीला मूळ दोरी, दुसरीला गरीचा आखूड तुकडा, तिसरीला वीतभर बारीक तंगूस आणि त्याच्या टोकाला वजन. मूळ दोरी ३० पौंडी (म्हणजे तेवढा ताण पेलणारी) असेल तर वजनाची ८ किंवा १० पौंडी. खडपात बहुतेक वेळा रुतून बसतं ते वजनच. ताण दिला की बारीक तंगूस तुटतो, वजन समुद्राला देऊन गरी, स्विव्हल आणि असलाच तर मासाही वर येतो. यात एक धोका आहे. झटका देऊन लांब फेकलं तर तो बारीक तंगूस हवेतच तुटतो आणि सुटलेलं शिसं कुणाच्याही डोक्याला लागू शकतं. म्हणून हलक्या हाताने, झुलवून फेकायचं आणि मागे कुणी उभं नाही हे बघूनच.

देवगडहून

दादा, चांगला धागा काढलात. माझ्या मते वजन बांधण्याच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे, ते म्हणजे तळ बघून ठेवणं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीही खोल जाते. एरवी पाण्याखाली असलेला कातळ तेव्हा उघडा पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. ठिकाणाप्रमाणे थोडं पुढेमागे होतं. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे पुनवेच्या आसपास पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाला पाणी तळाला गेलेलं असतं. संध्याकाळच्या ओहोटीला गरी न घेता नुसतं जायचं.

काय बघायचं? कातळाच्या दोन दांड्यांमध्ये वाळूची नाळ असते. कुठे ती दोन माणसं शेजारी झोपतील एवढीच रुंद, कुठे मोठी. मासा भरतीबरोबर त्याच वाटेने आत येतो, आणि तिथे वजन पडलं तर वाळूवर पडतं. मी नाळेच्या तोंडाशी उभा राहून मोबाइलवर फोटो काढतो, किनाऱ्याकडे बघत. फोटोत जवळचा दगड आणि मागचं माडाचं झाड एका रेषेत दिसले की ती रेषा कायमची पाठ. मग भरतीला सगळं पाण्याखाली गेलं तरी दगड-माड जुळवून फेकायचं. असे फोटो माझ्याकडे जागेप्रमाणे वेगळे ठेवलेले आहेत. पावसाळ्यानंतर नाळेतली वाळू सरकते, काही नाळी बुजतात, काही नव्या उघडतात. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाला की पुन्हा एक फेरी मारावी लागते.

पाणी फिरलं की लगेच माघारी या. मागची वाट आधी बुडते.

मालवणातून, आजोबांच्या वतीने

आजोबा सांगतायत, मी टाइप करतोय. ते अजून हातदोरीने गरवतात. शिसं त्यांनी खडपात कधी वापरलंच नाही. "दगड बांध, शिसां कित्याक घालवतंस?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुठीएवढा लांबट दगड, मधे थोडी खाच असलेला. त्याला साधा सुती दोरा, नायलॉन अजिबात नाही. दोरा ओला झाला तरी दगड पेलतो, पण खाली अडकून हिसका बसला की तुटतो आणि राहिलाच तर कुजून जातो. गरी दगडाच्या वर हातभर अंतरावर असते, म्हणजे दगड कपारीत गेला तरी गरी मोकळी. किनाऱ्यावर दगडांना तोटा नाही, त्यामुळे पिशवीत वजन वाहून न्यायचंही काम नाही.

आणि गोबऱ्याबद्दल: तो लागला की थेट बिळात शिरतो आणि अंग फुगवून बसतो. तेव्हा ओढलंत तर दोरी कातळावर घासून तुटणारच. आजोबा दोरी पूर्ण सैल सोडतात आणि पान लावायला घेतात. पान खाऊन होईपर्यंत बऱ्याचदा गोबरा आपणच बाहेर आलेला असतो. दोरीला हालचाल जाणवली की मग एकदम, न थांबता ओढायचं.

बांद्र्याहून

आजोबांना नमस्कार सांगा. मी बँडस्टँडच्या बाजूला रॉड-रीळ घेऊन, बहुतेकदा ल्युअर (नकली आमिष) वापरून गरवते. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, त्यामुळे ज्या जागी भरतीला ल्युअर मोकळा चालतो तिथेच दोन तासांनी तो कातळाला टेकतो. मी ओहोटी अर्धी झाली की बुडणारा ल्युअर काढून ठेवते आणि पाण्यावर चालणारा पॉपर लावते.

दुसरं म्हणजे तिहेरी गऱ्या. बाजारातल्या ल्युअरला पोटाखाली आणि शेपटीला अशा दोन तिहेरी गऱ्या असतात, म्हणजे सहा टोकं. मी पोटाखालची काढूनच टाकते आणि शेपटीला एकेरी गरी लावते, टोक वर तोंड करून. अडकणं खूपच कमी झालं आणि मासा सोडायचा असेल तर त्याचं तोंडही फाटत नाही. रबरी मासा वापरत असाल तर गरीचं टोक रबरातच किंचित रुतवून ठेवा, मासा चावला की ते बाहेर येतं.

आमच्याकडे कातळापेक्षा कापड आणि प्लास्टिकच्या पिशव्या जास्त अडकतात, हेही लिहून ठेवते. त्या हळू ओढल्या तर येतात. मी त्या परत पाण्यात टाकत नाही.

गोव्याहून

तळाला काही न्यायचंच नाही हा माझा उपाय. बोया (दोरीवरचा तरंगता गोळा) लावा. आधी गरीच्या जागी नुसतं छोटं वजन लावून खोली मोजा: बोया आडवा झाला की वजन तळाला टेकलं, उभा राहिला की लटकतंय. मग दोरीवरची अडवणारी गाठ सरकवून गरी तळापासून दोन हात वर ठेवा. कोळंबी लाटेबरोबर कातळाच्या कडेने झुलत राहते. भरती वाढेल तशी गाठ वर सरकवत जायचं, एवढंच काम.

कॉर्नवॉलहून (मूळचा अलिबागचा)

इथल्या खडकाळ किनाऱ्यावर जाड ओठांचा रॅस मासा मिळतो, तोही कपारीतलाच. इथले जुने लोक गॅरेजमधून वापरलेले स्पार्क प्लग आणून वजन म्हणून लावतात. बारीक तंगुसाची तुमची युक्ती इथेही सर्रास चालते. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यातल्या गळासाठी लहान शिशाच्या वजनांवर १९८७ पासून बंदी आहे, कारण हंस ती गिळून विषबाधेने मरत होते. समुद्रातल्या मोठ्या वजनांना ती लागू नाही, पण तो इतिहास वाचल्यापासून मी खडपात शिसं टाकत नाही. जुने नट-बोल्ट चालतात. प्लग वापरलात तर आधी पुसून तेलकटपणा काढा.

आणखी एक. गुंडाळताना सुरुवातीलाच रॉड उंच उचलून वेगाने रीळ फिरवा. वजन तळापासून उठतं आणि वरूनच येतं. सावकाश ओढत आणलं तर वाटेतली प्रत्येक कपार त्याला भेटते.

गुहागरहून

सगळं वाचतोय. ब्रेड (विणलेली बारीक दोरी) वापरतो, पण ती कालवांवर लगेच कापली जाते. आणि अडकल्यावर तोडायची कशी? परवा हाताला गुंडाळून ओढली तर बोट चिरलं.

धागाकर्ता

ब्रेड हाताला कधीच गुंडाळू नका भाऊ, ती मांसात जाते. ब्रेडच्या पुढे दीड-दोन वाव जाड तंगुसाचा लीडर (पुढचा तुकडा) लावा, घासायचं ते त्याने घासावं. अडकलं की आधी ओढू नका. दोरी सैल सोडून दोन-तीन लाटा जाऊ द्या, बऱ्याचदा लाटच सोडवते. नाही सुटलं तर कडेकडेने चालत जाऊन दुसऱ्या बाजूने ओढा, कारण ज्या दिशेने आत गेली त्याच्या उलट दिशेने ती निघते. तेही नाही झालं तर दोरी ताणून बोटाने टणकन वाजवा आणि एकदम सोडा. शेवटी तोडायचीच असेल तर वीतभर लाकडी दांडक्याला पाच-सहा वेढे द्या, तोंड बाजूला फिरवा, दांडकं दोन्ही हातांनी धरून सरळ मागे चालत जा. मागे कातळ ओला-शेवाळलेला असेल तर चालू नका, बसून ओढा. रॉडने झटके दिलेत तर रॉड मोडतो आणि वजन सुटून तोंडावर येतं. आणि गरी सोडवायला पाण्यात उतरायचं नाही, कितीही महागाचा ल्युअर असला तरी.

गुहागरला तुम्ही कुठल्या बाजूला बसता? तिकडच्या नाळींचं कुणी लिहील का?