शब्दचर्चा : प्रतिकारशक्तीचे ‘सूचक’ वाढले म्हणजे काय वाढलं?

रामबागवाली : इंदूरच्या आमच्या महिला मंडळासाठी, दमा असलेल्या मुलांच्या पालकांकरिता एक हिंदी पत्रक मराठीत करते आहे. एका वाक्यावर गाडी अडली. ‘अस्थमा से पीड़ित बच्चों के रक्त में प्रतिरक्षा तंत्र के सूचक बढ़े हुए मिल सकते हैं.’ मी लिहिलं, ‘दमा असलेल्या मुलांच्या रक्तात रोगप्रतिकारशक्तीचे सूचक वाढलेले आढळू शकतात.’ सासूबाई वाचून म्हणाल्या, “मग बरंच की, शक्ती वाढली!” काय लिहू?

लोकमान्यनगरकर : ‘प्रतिरक्षा तंत्र’ तसंच ठेवा ना वहिनी. इंदुरात कोणाला कळणार नाही? अर्धं हिंदीच तर बोलून राहिलो आपण.

निवृत्त मास्तर : कळेल, पण भलतंच. हिंदीत तंत्र म्हणजे शरीरातली व्यवस्था, मराठीत तंत्र म्हणजे काम करायची रीत. तिकडचं पाचन तंत्र आपल्याकडे पचनसंस्था होतं, श्वसन तंत्र श्वसनसंस्था. तेव्हा ‘प्रतिकारसंस्था’. आणि ‘सूचक’ तर काढाच. मराठीत सूचक हा सभेत अनुमोदकाच्या शेजारी बसतो. ‘निर्देशक’ घ्या किंवा ‘दर्शक’.

पॅथॉलॉजीवाली : सासूबाईंचं चुकलेलं नाही. ‘शक्ती’ म्हटलं की माणूस कमी की जास्त एवढंच विचारतो. मग रिपोर्ट घ्यायला आलेली आई म्हणते, “ह्याची इम्युनिटी वीक आहे, च्यवनप्राश सुरू करू?” ॲलर्जीच्या दम्यात प्रकार वेगळाच असतो. प्रतिकारसंस्था दुबळी नसते. धूळ, परागकण, झुरळांचे अवशेष यांना शत्रू समजून ती त्यांच्यावर तुटून पडते. त्यामुळे श्वासनलिकांना आतून सूज येते.

रक्तात त्याच्या दोन खुणा आम्ही नेहमी बघतो. एक, इओसिनोफिल. ही पांढऱ्या पेशींची एक जात. इओसिन नावाचा लालसर रंग या पेशी पटकन धरतात, म्हणून पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्यांना हे नाव दिलं, 1879 मध्ये. मराठीत ‘इओसिनरागी’ हा शब्द आहे, पण तो पत्रकात घालू नका. लोकांना राग म्हणजे संताप तरी वाटेल नाहीतर यमन तरी. दुसरी खूण आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड, अँटीबॉडी. ते 1966–67 च्या सुमारास ओळखलं गेलं.

रिपोर्टमध्ये टक्केवारी आणि प्रत्यक्ष संख्या वेगवेगळी येते, तेही पत्रकात सांगा. पांढऱ्या पेशी 8,000 आणि त्यात इओसिनोफिल 5 टक्के, म्हणजे दर मायक्रोलिटरला 400. साधारण 500 च्या वर गेले की ‘वाढले’ म्हणतात. आयजीई मात्र वयाप्रमाणे बदलतं, म्हणून मुलाचा आकडा मोठ्या माणसाच्या रकान्याशी जुळवायचा नाही.

लोकमान्यनगरकर : म्हणजे हे दोन्ही वाढले की दमा पक्का?

पॅथॉलॉजीवाली : नाही हो भाऊ. पोटात जंत असले तरी दोन्ही वाढू शकतात, इसबातही वाढतात. उलट स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर इओसिनोफिल खाली येतात आणि दमा मात्र तिथेच असतो. काही मुलांचा दमा या वाटेने जातच नाही. त्यांचे आकडे सरळ असतात. म्हणून मास्तर, मला ‘निर्देशक’ जरा ठाम वाटतो. ‘खुणा’ काय वाईट आहे?

निवृत्त मास्तर : ‘खुणा’ उत्तम. माझा निर्देशक मागे घेतो. ॲलर्जीला ‘वावडं’ लिहिता येईल का? “मला वांगं वावडं” असं आपण म्हणतोच.

पॅथॉलॉजीवाली : वांग्यापुरतं ठीक. पण वावड्यात नुसतं न पचणंही येतं, नावडणंही येतं, आणि त्यात आयजीईचा संबंध असेलच असं नाही. ॲलर्जी हा शब्द 1906 मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केने घडवला. तो बालरोगतज्ज्ञच होता. त्याला म्हणायचं होतं ‘बदललेली प्रतिक्रिया’. ‘ॲलर्जी’च राहू द्या, सगळ्यांना कळतं.

माळव्यात सोयाबीन फार, म्हणून एक आठवलं. 1980 च्या दशकात बार्सिलोनात ठरावीक दिवशी एकदम दम्याचे पुष्कळ रुग्ण दवाखान्यांत येत. शेवटी कळलं, बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवलं जाई तेव्हा त्याची धूळ शहरभर पसरे. रुग्णांच्या रक्तात सोयाबीनविरुद्धचं आयजीई सापडलं. कोठारांना गाळण्या बसवल्यावर त्या लाटा थांबल्या. तिथे नुसता ‘आयजीई वाढलं’ एवढा निकाल कामाचा नव्हता, कशाविरुद्धचं वाढलं हे महत्त्वाचं होतं.

रामबागवाली : मग असं लिहिते : ‘दमा असलेल्या काही मुलांच्या रक्तात ॲलर्जीच्या खुणा वाढलेल्या दिसतात. याचा अर्थ मुलाची ताकद कमी आहे किंवा वाढली आहे असा नव्हे. प्रतिकारसंस्था धुळीसारख्या साध्या गोष्टींवरही हल्ला करते आहे, असा आहे.’

पॅथॉलॉजीवाली : ‘असा आहे’ऐवजी ‘असा असू शकतो’. जंतांचं विसरू नका.

लोकमान्यनगरकर : आणि ‘दमा’ चालेल ना? तो पण फारसीतून आलेला, ‘दम’ म्हणजे श्वास.

निवृत्त मास्तर : चालेल. पत्रकाला ‘तमक श्वास’ असं चरकसंहितेतलं नाव दिलंत तर आमच्या गल्लीत कोणी उघडणार नाही.