मदत हवी आहे: मीटर एक, योजना दोन. शाळा आणि अंगणवाडीचा खर्च कसा वाटायचा?

नमस्कार. पन्हाळा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी जूनपासून प्रभारी मुख्याध्यापिका आहे. पट ६२. समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या निकषांत आमच्याएवढ्या पटाला संयुक्त शाळा अनुदान २५,००० रुपयांपर्यंत बसतं, त्यातले निदान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. लाईट बिल, खडू, किरकोळ दुरुस्ती उरलेल्यात.

चारपैकी एका खोलीत अंगणवाडी भरते. ती महिला व बालविकास विभागाची, पण मीटर, टाकी, कौलारू छप्पर सगळं सामाईक. आजवर बिल शाळाच भरत आली. यंदा कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) तपासताना विचारणा झाली, दुसऱ्या योजनेचा खर्च या अनुदानात का? प्रश्न रास्त आहे, पण मला उत्तर देता आलं नाही.

क्षेत्रफळ धरलं तर १,५०० चौरस फुटांत अंगणवाडीचे ३००, म्हणजे ९२० च्या बिलात १८४ रुपये. पण त्या खोलीत एक पंखा आणि दोन ट्यूब. मोटर, संगणक, टीव्ही आमचे. डोकी मोजली (त्यांची १८) तर वाटा आणखी वाढतो. सेविकाताईंवर हा बोजा टाकायला मन धजत नाही.

शिवाय पावसाच्या तोंडावर पालकांनी श्रमदानाने कौलं चाळली, फुटकी बदलली. ते कुठे दाखवू?

प्रतिसाद:
ताई, पंचायत समितीच्या लेखा शाखेत हयात गेली, म्हणून सांगतो. सगळ्याला एकच टक्का लावू नका. छपराला चौरस फूट, पाण्याला डोकी, विजेला वॅट आणि तास. ७५ वॅटचा पंखा, २० च्या दोन ट्यूब, रोज ५ तास, महिन्याचे २४ दिवस: १३.८ युनिट. तेवढाच त्यांचा वाटा. पोटमीटर बसला तर उत्तमच. पद्धत शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात घ्या, वर्षभर बदलू नका आणि वाट्याची रक्कम ग्रामपंचायतीकडे लेखी मागा. श्रमदान कीर्दीत रुपयांत चढवू नका, पैसा फिरलेलाच नाही. इतिवृत्तात लिहा. कौलांसाठी वर्गणी जमवली असेल तर पावत्या फाडून वेगळी कीर्द ठेवा, अनुदानाच्या विनियोग दाखल्यात (पैसे कशावर खर्चले ते लिहून देतो त्यात) ती येता कामा नये.

सर, मनापासून आभार. कौलं एका पालकांनी घरचीच दिली, रोख काही नव्हतं. म्हणजे साठा नोंदवहीत घेऊन ठरावात आभार मानले की झालं ना? आणि मागच्या वर्षांची बिलं? ते दाखले तर सह्या होऊन वर गेलेत.