संपाचा हक्क नसेल, तर वाटाघाटी कशाच्या बळावर?

प्रश्न: जुन्या पेन्शनसाठी राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी केलेल्या मार्च २०२३ च्या संपात आमच्या आवक-जावक टेबलावर आठवडाभर धूळ साचली होती. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच म्हटले असताना मागण्या रेटायच्या तरी कशा?

प्रतिसाद १: संघटना स्थापण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिला आहे, मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१ च्या निकालानुसार परिणामकारक सामूहिक वाटाघाटीची हमी त्यात येत नाही. केंद्रात १९६६ पासून सरकार व कर्मचारी प्रतिनिधींची संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे खरी, पण वेतन, कामाचे तास, रजा असे मोजकेच विषय लवादाकडे जातात.

प्रतिसाद २: आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संघटनास्वातंत्र्य व सामूहिक वाटाघाटींविषयीच्या ८७ व ९८ क्रमांकांच्या करारांना भारताने अजून मान्यता दिलेली नाही, हेही ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद ३: कायदा तोकडा आहे, हे मान्य. तरीही आमच्या कार्यालयात ज्यांची जुनी पेन्शन शाबूत होती, तेही ती लागू नसलेल्या, १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांसाठी पगारकपात पत्करून फाटकाबाहेर बसले होते.