एकदम चार विषय? आधी तास मोजा
नोकरी सांभाळून विद्यापीठाच्या पहिल्याच सत्रात चार विषय घ्यावेत का, असं एकाने विचारलंय. माझ्या मते नकोच. युरोपीय पद्धतीत १ क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ५ क्रेडिटचा विषय धरला तर किमान १२५ तास, १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला ८ तासांहून जास्त. चारांचे झाले ३३. दोनच घ्या, त्यातही गणिताचा एकच. सराव सुटला की बीजगणित फार लवकर गंजतं.

आणखी एक. आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट नव्या अभ्यासक्रमात धरून हवे असतील तर नुसती गुणपत्रिका सहसा पुरत नाही. त्या वर्षीचा सविस्तर अभ्यासक्रम, तासांसकट, जुन्या कॉलेजकडून सही-शिक्क्यानिशी आणा. विषय जुळतो की नाही ते त्यावरूनच बघतात. हे फी भरण्याआधी उरका, नंतर त्या विषयातून सूट मिळाली तरी पैसे परत मिळतीलच असं नाही.